प्रयोगशाळा आणि पाळणाघर : स्त्री-संशोधकांच्या प्रश्नाचा विचार

पनवेल तालुक्यातील खारघर येथे कर्करोगावर संशोधन करणारी एक मोठी संस्था आहे. मुंबईत परळ येथे १९५२ साली ‘इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर’ या नावाने जे केंद्र स्थापन झाले, ते १९६६ साली टाटा स्मारक केंद्रात समाविष्ट झाले आणि त्याचे संशोधनकार्य २००२ साली खारघरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आले. खारघरहून हार्बर मार्गाने मुंबईच्या दिशेने निघाले असता सहावे स्थानक वाशीचे लागते. वाशीला ‘इंडियन वुमेन सायंटिस्ट्स असोसिएशन’ या वैज्ञानिक स्त्रियांच्या संघटनेचे मुख्य ठाणे आहे. ही संघटना १९७३ साली स्थापन झाली. विज्ञानविषयक व्याख्याने आणि परिसंवाद भरविण्याबरोबरच नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि त्यांच्या मुलांसाठी पाळणाघरही ती चालवीत आली आहे.

या दोन संस्थांना जोडणारे एक नाव आहे, ते डॉ. कमल रणदिवे यांचे. परळच्या केंद्रात ऊतिसंवर्धनाची, म्हणजे सजीवाच्या शरीराबाहेर पेशी वाढविण्याची, प्रयोगशाळा त्यांनी उभारली. १९६६ ते १९७० या काळात त्या त्या संस्थेच्या हंगामी संचालक होत्या. १९८२ साली त्यांना ‘पद्मभूषण’ हा बहुमान मिळाला. वैज्ञानिक स्त्रियांच्या वरील संघटनेच्या संस्थापकांतही त्यांची गणना होते. येथे साहजिकच एक प्रश्न उपस्थित होतो. ज्या स्त्रीला विद्यापीठाची सर्वोच्च पदवी मिळाली होती आणि जिने एका संशोधनसंस्थेची धुराही वाहिली होती, तिला आणि तिच्या सहकारी स्त्रियांना वेगळी संघटना काढण्याची गरज का भासावी? आणि विज्ञानाच्या प्रसारासाठी निघालेल्या संघटनेने पाळणाघर का चालवावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास उच्च शिक्षणातील स्त्रियांच्या प्रश्नाचे तीन टप्पे स्पष्ट दिसू लागतात. पहिला प्रवेशाचा, दुसरा प्रवेशासोबत घातलेल्या अटींचा आणि तिसरा स्थैर्याचा. पहिला टप्पा ओलांडून सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. दुसऱ्याची उघड रूपे नाहीशी झाली आहेत. तिसरा मात्र अद्याप बव्हंशी ज्या त्या स्त्रीच्या दैवावर सोडलेला आहे, आणि विद्यापीठांनी आज ज्याचा विचार करावयाचा तो हाच.

प्रवेश

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. आरंभीच्या नियमांत विद्यार्थ्याचा उल्लेख पुल्लिंगी सर्वनामाने केलेला होता, आणि स्त्रीने परीक्षेस बसण्याची इच्छा दर्शविली की हे सर्वनामच आड येई. कलकत्ता विद्यापीठाने १८७८ साली स्त्रियांना परीक्षांची दारे उघडली. मुंबई विद्यापीठाने तसा निर्णय घेतला तो १८८३ साली. त्यानंतर पाच वर्षांच्या आतच पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठाची स्थापना करून दुसरा मार्ग चोखाळला. स्त्रियांना पुरुषांच्या विद्यापीठात जागा मिळवून देण्यापेक्षा त्यांच्या गरजा लक्षात घेऊन विद्यापीठाचीच रचना करावी, असा त्यामागील विचार होता. या दोन मार्गांपैकी कोणता श्रेयस्कर, यावर त्या काळी बराच वाद झाला. परंतु कर्व्यांच्या विचारातील एक गोष्ट आजही ध्यानात घेण्याजोगी आहे. विद्यार्थिनीने संस्थेच्या साच्यात बसावे एवढी अपेक्षा पुरेशी नसून संस्थेनेही स्वतःचा साचा तपासला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

एका सर्वनामाचा अर्थ व्यापक केल्याने परीक्षेचे दार उघडले, ही गोष्ट नियमांचे सामर्थ्य दर्शविते. तद्वतच ती नियमांची मर्यादाही दर्शविते. परीक्षा ही ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी द्यावयाची असते. संशोधन हे वर्षानुवर्षे चालणारे काम असून ते मार्गदर्शकाच्या इच्छेवर, प्रयोगशाळेच्या वेळापत्रकावर आणि सहकाऱ्यांच्या वागणुकीवर अवलंबून असते. तेथे केवळ दार उघडून भागत नाही.

अटी

याचे सर्वांत बोलके उदाहरण कमला भागवत, म्हणजे पुढे कमलाबाई सोहोनी या नावाने प्रसिद्ध झालेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ, यांचे आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गाबाई भागवत यांच्या त्या भगिनी. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्रात अग्रक्रमाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. वडील आणि चुलते हे दोघेही त्याच संस्थेचे विद्यार्थी असल्यामुळे या निवडीत घरच्यांना काही वावगे वाटले नाही. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मात्र अर्ज नाकारला. अर्जदार स्त्री आहे, याखेरीज त्यास दुसरे कारण नव्हते.

कमलाबाईंनी नकार मान्य केला नाही. त्या बंगळूरला जाऊन धडकल्या आणि प्रवेशासाठी अडून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटींवर. पहिले वर्ष परीक्षणाचे राहील आणि कामाच्या दर्जाविषयी संचालकांचे समाधान होईपर्यंत त्यांना नियमित विद्यार्थी समजले जाणार नाही. मार्गदर्शकांनी सांगितल्यास रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल. आणि त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये, अशा स्वरूपाच्या त्या अटी होत्या. त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, कडधान्ये आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळविली. त्यांच्या कामाने संचालकांचे मत पालटले आणि संस्थेत विद्यार्थिनींना प्रवेश मिळू लागला. पुढे केंब्रिज येथे वनस्पतींतील सायटोक्रोम-सी या प्रथिनासंबंधी महत्त्वाचा शोध लावून १९३९ साली त्यांनी पीएच.डी. संपादन केली. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांच्या आसपास होता. मायदेशी परतल्यावर दिल्ली आणि कुन्नूर येथे काम करून त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापिका झाल्या. नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांचे काम सर्वपरिचित आहे. त्या संस्थेचे संचालकपद मात्र त्यांच्याकडे विलंबानेच आले.

या घटनेकडे एका थोर शास्त्रज्ञाचा पूर्वग्रह आणि एका तरुणीचे धैर्य अशा रीतीने पाहण्याची प्रथा आहे. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. त्या तीन अटी नीट वाचल्यास त्यांत संस्थेच्या व्यवहाराची तीन गृहीते दिसून येतात. पहिले असे की, पुरुष उमेदवाराची पात्रता त्याच्या गुणपत्रिकेने सिद्ध होते, तर स्त्रीची पात्रता गुणपत्रिकेनंतरही सिद्ध व्हावयाची राहते. दुसरे असे की, निष्ठेचे माप कामाच्या फलापेक्षा प्रयोगशाळेत घालविलेल्या तासांवरून काढावयाचे. तिसरे असे की, स्त्रीपुरुषांच्या एकत्र वावराने काही बिघाड झाल्यास त्याची जबाबदारी स्त्रीची. आज कोणतीही संस्था अशा अटी लेखी घालू शकणार नाही. परंतु प्रवेशाच्या वा नियुक्तीच्या मुलाखतीत लग्नाविषयी, संभाव्य बदलीविषयी, मुलांविषयी प्रश्न विचारले जातात तेव्हा पहिले गृहीतक जिवंत असते. संध्याकाळी लवकर निघणारी विद्यार्थिनी कामात कच्ची, असा शेरा मारला जातो तेव्हा दुसरे. आणि एखादी तक्रार पुढे आली की विद्यार्थिनींच्या वसतिगृहाची वेळ आणखी एक तासाने अलीकडे आणली जाते, तेव्हा तिसरे.

दैवाचा भाग

डॉ. रणदिवे यांची वाटचाल याहून वेगळी आणि वरवर पाहता सुलभ होती. १९१७ साली पुण्यात त्यांचा जन्म झाला. वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक. मुलीने विज्ञान शिकावे हा त्यांचाच आग्रह. हुजूरपागेत आणि नंतर फर्ग्युसनमध्ये शिक्षण घेतल्यावर १९३९ साली त्यांचा विवाह गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाला. पतीने त्यांच्या पुढील अभ्यासास मदत केली. १९४३ साली त्या एम.एस्सी. झाल्या. मुंबईस आल्यावर विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारखा मार्गदर्शक लाभला आणि १९४९ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. नंतर शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या, ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन त्यांनी ते येथे रुजविले.

या चरित्रातील दुवे मोजून पाहावेत : अनुकूल पिता, साहाय्यकारी पती, उदार मार्गदर्शक आणि वेळेवर मिळालेली शिष्यवृत्ती. यांपैकी एकही दुवा विद्यापीठाच्या कोणत्याही नियमाने पुरविलेला नव्हता. चारांपैकी एक जरी तुटला असता, तरी बुद्धी आणि कष्ट तेवढेच असूनही परिणाम वेगळा झाला असता. ज्यांचे दुवे तुटले त्या स्त्रियांची चरित्रे कोणी लिहिलेली नाहीत, म्हणून केवळ यशस्वी स्त्रियांच्या उदाहरणांवरून संस्थेच्या न्यायबुद्धीचे अनुमान काढणे धोक्याचे ठरते.

ऊतिसंवर्धनाच्या कामाचे स्वरूप ध्यानात घेतल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. काचपात्रात वाढविलेल्या मानवी पेशी साधारणतः सदतीस अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात. त्यांचा पोषक द्राव दर दोनतीन दिवसांनी बदलावा लागतो. पेशींनी पात्राचा तळ व्यापला की त्यांची वेळीच विभागणी करून त्या नव्या पात्रांत घालाव्या लागतात. रविवार, सणवार किंवा घरचे आजारपण यांची पेशींना जाणीव नसते. एका आठवड्याच्या दुर्लक्षाने कित्येक महिन्यांचे काम वाया जाऊ शकते. ज्या संशोधकाच्या घरी स्वयंपाक, मुले आणि वृद्ध यांची काळजी दुसरे कोणी घेत असेल, त्याला या वेळापत्रकाची अडचण जाणवत नाही. जिच्याकडे ती काळजी स्वतःच घेण्याचे काम असते, तिला एकाच वेळी दोन न थांबणारी घड्याळे सांभाळावी लागतात. हे लक्षात घेतले म्हणजे वैज्ञानिक स्त्रियांच्या संघटनेने पाळणाघर चालविण्यात काही विसंगती उरत नाही. इन्क्युबेटर जसे प्रयोगशाळेचे साधन, तसेच पाळणाघर हेही संशोधनाचे साधन आहे. फरक एवढाच की, इन्क्युबेटरची तरतूद संस्था करते आणि पाळणाघराची तरतूद ज्या स्त्रियांना त्याची गरज होती त्यांना स्वतःच करावी लागली.

आकड्यांची साक्ष

प्रवेशाचा प्रश्न पुष्कळ अंशी सुटला आहे, असे आकडे सांगतात. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ साली देशातील उच्च शिक्षणात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते आणि त्यांत मुलींची संख्या सुमारे २ कोटी ७ लाख होती. पीएच.डी.साठी नोंदणी केलेल्या २ लाख १२ हजार विद्यार्थ्यांत स्त्रिया सुमारे ९९ हजार, म्हणजे शेकडा ४७ च्या आसपास होत्या. २०१४-१५ साली हीच संख्या ४८ हजारांच्या घरात होती. सात वर्षांत ती दुपटीहून अधिक झाली, ही लहान गोष्ट नव्हे. त्याच सर्वेक्षणात अध्यापकवर्गातील स्त्रियांचे प्रमाण शेकडा ४३ च्या वर आढळते.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावयास हवा. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने दिलेल्या माहितीप्रमाणे १ एप्रिल २०१८ रोजी देशात प्रत्यक्ष संशोधन व विकासाच्या कामात गुंतलेल्या संशोधकांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा १६.६ होते. दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करणे शास्त्रशुद्ध होणार नाही. पहिल्यात साहित्य, समाजशास्त्रे, शिक्षणशास्त्र असे सर्व विषय येतात, तर दुसऱ्यात कारखान्यांतील आणि सरकारी प्रयोगशाळांतील संशोधक मोठ्या संख्येने आहेत. शिवाय आज नोंदणी करणाऱ्या पिढीचे प्रतिबिंब कर्मचाऱ्यांच्या आकड्यांत पडण्यास काही वर्षे लागतात. हे सर्व मान्य करूनही दोहोंतील अंतर एवढे मोठे आहे की, पदवी आणि पद यांच्या दरम्यान बऱ्याच स्त्रिया संशोधनातून बाहेर पडतात, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

त्या कोठे बाहेर पडतात, हे शोधणे कठीण नाही. संशोधकाच्या आयुष्यातील निर्णायक काळ सामान्यतः पंचविशी ते पस्तिशी हा असतो. प्रबंध, पहिले शोधनिबंध, पदवीनंतरची शिष्यवृत्ती, परगावी वा परदेशी मुक्काम आणि कायम नेमणूक हे सारे या दहा वर्षांत घडावयाचे असते. विवाह, गावबदल, बाळंतपण आणि लहान मुलांचे संगोपन यांचाही काळ तोच. पुरुषाच्या बाबतीत या दोन मालिका एकमेकींना सहसा छेदत नाहीत. स्त्रीच्या बाबतीत त्या वारंवार छेदतात. त्यात शिष्यवृत्त्यांची वयोमर्यादा आणि गेल्या पाच वर्षांतील निबंधांची संख्या यांसारखे निकष लागू झाले की, ज्या दोन वर्षांत काम थांबले ती वर्षे अपात्रतेचा पुरावा ठरतात. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ पासून खंड पडलेल्या स्त्रियांना संशोधनात परत आणण्यासाठी महिला वैज्ञानिक योजना सुरू केली, ती याच कारणाने. गळती झाल्यावर परत आणण्याचा हा उपाय उपयुक्त खरा, पण गळती होऊ न देणे हे काम प्रत्येक विद्यापीठाचे आणि विभागाचे आहे.

नियम काय देतात आणि काय देत नाहीत

या दिशेने गेल्या काही वर्षांत झालेले नियम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आणि मार्गदर्शकांनी मुळातून माहीत करून घेण्याजोगे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी स्त्री-संशोधकाला प्रसूती वा बालसंगोपनासाठी संपूर्ण संशोधनकाळात एकदा २४० दिवसांपर्यंत रजा देण्याची तरतूद केली. २०२२ च्या नियमांत ती कायम आहे. या नियमांप्रमाणे पीएच.डी.चा कमाल कालावधी सहा वर्षांचा असून पुनर्नोंदणीने दोन वर्षे वाढवून मिळू शकतात. स्त्रियांना आणि शेकडा ४० हून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. मात्र एकूण काळ दहा वर्षांहून अधिक होता कामा नये. विवाहामुळे वा अन्य कारणाने स्त्री-संशोधकास दुसऱ्या गावी जावे लागल्यास नियमांच्या अधीन राहून तिचे संशोधन आणि त्याची सामग्री दुसऱ्या विद्यापीठाकडे नेता येते.

हे नियम वेळ देतात आणि ती मोठीच देणगी आहे. परंतु आठ महिन्यांच्या रजेत पेशींचे संवर्धन कोणी चालू ठेवावयाचे, क्षेत्रकार्यातील निरीक्षणे कोणी नोंदवावयाची, हे नियम सांगत नाहीत. रजेच्या काळात विद्यावेतन मिळेल की नाही, हे ते देणाऱ्या संस्थेच्या नियमांवर अवलंबून असते. आणि ज्यांना विद्यावेतनच नाही अशांना रजा म्हणजे केवळ मुदतवाढ. २०१७ साली दुरुस्त झालेल्या मातृत्व लाभ कायद्याने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक केली. पण हा कायदा कर्मचाऱ्यांसाठी आहे, आणि संशोधक विद्यार्थिनी सामान्यतः कर्मचारी गणली जात नाही. ती प्रयोगशाळेत कर्मचाऱ्याइतके किंवा त्याहून अधिक तास काम करते, तरीही सोयींच्या हिशेबात ती विद्यार्थिनी राहते आणि विद्यार्थिनीला मूल असण्याची कल्पना संस्थेच्या आराखड्यात नसते. कायद्याने अडविले नसताना विद्यापीठाने आपले पाळणाघर संशोधकांच्या मुलांनाही खुले करावे, यास केवळ इच्छाशक्ती पुरेशी आहे.

सुरक्षिततेच्या प्रश्नाचीही हीच स्थिती आहे. १९९७ च्या विशाखा खटल्यातील निर्णयानंतर २०१३ साली कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला आणि अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. तिच्या अध्यक्षस्थानी ज्येष्ठ स्त्री-अध्यापक असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात आणि बाहेरचा एक सदस्य असावा. संशोधनाच्या दृष्टीने यातील एक तरतूद विशेष महत्त्वाची आहे. चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून रोखता येते. मार्गदर्शकाच्या सहीवाचून संशोधक विद्यार्थिनीचा प्रगती-अहवालही पुढे सरकत नाही. त्यामुळे या तरतुदीवाचून तक्रारीचा अधिकार कागदावरच राहिला असता. तरीही पर्यायी मार्गदर्शक कोण आणि तो किती दिवसांत मिळेल, याचे उत्तर विभागाकडे तक्रारीपूर्वीच तयार असल्याशिवाय या तरतुदीचा विद्यार्थिनीला विश्वास वाटणार नाही.

पनवेलचा संदर्भ

पनवेल परिसरात या सर्व गोष्टींना आणखी एक परिमाण लाभते, ते अंतराचे. एके काळी कोकणात उतरण्याचा नाका म्हणून प्रसिद्ध असलेले हे गाव आज महानगरपालिका झाले आहे. आसपास महाविद्यालये, अभियांत्रिकी व वैद्यकीय संस्था आणि संशोधनकेंद्रे यांची दाटी झाली आहे. पनवेल स्थानकातून मुंबई, ठाणे, कर्जत आणि रोहा या चारही दिशांना गाड्या सुटतात. त्यामुळे पेण, कर्जत किंवा रोहा येथील विद्यार्थिनीला घर न सोडता पदव्युत्तर शिक्षण घेणे शक्य होते, आणि कोकणातील अनेक कुटुंबांत मुलीच्या शिक्षणाला परवानगी मिळते ती याच एका सोयीमुळे. २०२३ पासून राज्य परिवहनाच्या बसगाड्यांत स्त्रियांना अर्धे भाडे झाले, याचाही भार हलका होण्यास उपयोग झाला.

परंतु व्याख्यानांच्या वेळा गाडीच्या वेळापत्रकाशी जुळविता येतात. प्रयोगाच्या वेळा तशा जुळतातच असे नाही. रात्री नऊ वाजता संपणारा प्रयोग म्हणजे रोह्याच्या किंवा कर्जतच्या बाजूस राहणाऱ्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने मुक्कामाचाच प्रश्न. १९३३ साली रात्री उशिरापर्यंत काम करणे ही कमलाबाईंना घातलेली अट होती. आज ती अट कोणी घालीत नाही. ती कामातूनच उद्भवते. त्या अटीची किंमत कोणी द्यावयाची, एवढाच प्रश्न शिल्लक आहे. विद्यापीठाने संकुलाजवळ संशोधक विद्यार्थिनींसाठी वसतिगृह, रात्री स्थानकापर्यंत वाहन आणि प्रयोगासाठी थांबणाऱ्यांना एक रात्रीची खोली एवढी व्यवस्था केली, तर ती किंमत संस्था देते. न केल्यास विद्यार्थिनी लहान प्रयोगांचा विषय निवडून, प्रयोग अर्धवट सोडून किंवा संशोधनच सोडून ती किंमत देते. विषयाच्या निवडीवर गाडीच्या वेळेचा परिणाम होत असेल, तर त्यात तिचे जेवढे नुकसान आहे तेवढेच त्या विषयाचेही आहे.

आक्षेप आणि कर्तव्य

अशा सोयींनी संशोधनाचा दर्जा घसरेल, असा एक आक्षेप घेतला जातो. तो प्रामाणिकपणे घेतला जात असल्यास त्याचे उत्तर देणे अगत्याचे आहे. प्रबंधाचे परीक्षण करणारे परीक्षक, त्यांचे निकष आणि तोंडी परीक्षा यांत कोणतीही सवलत कोणी मागितलेली नाही. पाळणाघर, वसतिगृह किंवा रजा यांनी प्रबंधातील एकही चूक झाकली जात नाही. कमलाबाईंचा प्रबंध चाळीस पानांचा होता म्हणून केंब्रिजने तो कमी लेखला नाही. त्यातील शोध पाहिला. तोच न्याय तासांना आणि वर्षांना लावावयाचा आहे. शिष्यवृत्तीसाठी वय मोजताना रजेचा काळ वगळणे ही निकषाची सूट नसून निकषाची दुरुस्ती आहे. लहान मुलाच्या संगोपनाची रजा पित्यानेही घ्यावी, अशी प्रथा पडल्यास हा प्रश्न केवळ स्त्रियांचा राहणार नाही आणि मुलाखतीत केवळ स्त्रीलाच लग्नाविषयी विचारण्याचे कारणही उरणार नाही.

केवळ सदिच्छेने संस्था बदलत नाहीत, हा परदेशांतील अनुभवही उद्बोधक आहे. ब्रिटनमध्ये २००५ साली ‘अथेना स्वान’ नावाची सनद निघाली. तिच्यान्वये विद्यापीठांनी आणि विभागांनी आपल्या संस्थेतील स्त्रियांची स्थिती स्वतः तपासून आकडे आणि सुधारणेचा आराखडा सादर करावयाचा आणि त्याप्रमाणे कांस्य, रौप्य किंवा सुवर्ण सन्मान मिळवावयाचा, अशी योजना होती. २०११ साली वैद्यकीय संशोधनाच्या एका मोठ्या सरकारी निधीसाठी रौप्य सन्मानाची अट घालण्यात येणार असल्याचे जाहीर होताच वैद्यकीय विभागांची या योजनेकडे रीघ लागली. २०२० साली ती अट काढून टाकण्यात आली. कागदपत्रांचा भार फार होतो आणि तो बहुधा विभागातील स्त्रियांवरच पडतो, अशी टीकाही या योजनेवर झालेली आहे. यातून दोन धडे निघतात : आत्मपरीक्षणाला निधीची जोड मिळाली की त्याला वेग येतो, आणि समानतेचे काम हेदेखील काम असून त्याची नोंद सेवापुस्तकात व्हावयास हवी.

विभागाच्या पातळीवर करता येण्याजोग्या गोष्टी त्या मानाने साध्या आहेत. दरवर्षी किती विद्यार्थिनींनी नोंदणी केली, किती जणींनी प्रबंध सादर केला, किती जणींनी काम सोडले आणि कोणत्या कारणाने, याची नोंद ठेवणे ही पहिली. ज्या गळतीची नोंद होत नाही तिच्यावर उपायही होत नाही. विभागाच्या बैठका आणि परिसंवाद कामाच्या वेळेतच ठेवणे ही दुसरी. रजेवर जाणाऱ्या संशोधकाचे प्रयोग, पेशी किंवा नोंदी कोणाच्या हाती सोपवावयाच्या, हे लेखी ठरविणे आणि त्या कामाचे श्रेय शोधनिबंधात कसे वाटले जाईल तेही आधीच ठरविणे ही तिसरी. स्वागतसमारंभ, वसतिगृहाची देखरेख, प्रवेशसमित्या अशी वेळ खाणारी पण बढतीच्या वेळी न मोजली जाणारी कामे स्त्री-अध्यापकांकडेच जात नाहीत ना, हे वर्षातून एकदा तपासणे ही चौथी. यांपैकी एकाही गोष्टीस नव्या कायद्याची वा मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

डॉ. रणदिवे यांच्या पिढीतील स्त्रियांना संशोधनही करावे लागले आणि संशोधन करता यावे यासाठीची व्यवस्थाही स्वतःच उभारावी लागली. खारघरच्या संस्थेत आज ज्या विद्यार्थिनी पेशींना पोषक द्राव घालीत असतील, त्यांच्यावर ही दुसरी जबाबदारी पडू नये. ती उचलणे हे विद्यापीठाचे काम आहे.